सेव्ह-लिस्प-अँड-डाय आणि तेवीस टँकर

परवा ऑफिसातल्या एका नव्या मुलाने विचारलं, "तू घरी कॉमन लिस्पमध्ये वेब ॲप्लिकेशन्स लिहितोस म्हणे. लिहितोस ते ठीक, पण ती सर्व्हरवर चढवतोस कशी?" प्रश्न साधाच. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि टँकरची गोष्ट आठवून गप्प बसलो. त्याला म्हटलं, वीकांताला सविस्तर लिहितो. तर मंडळी, हे ते सविस्तर.

आधी पाण्याबद्दल. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ ला. जुन्या शहराचं स्वतःचं धरण म्हणजे गाढी नदीवरचं देहरंग. धरण छोटं, त्यात गाळ साठलेला, आणि गाव मात्र दर वर्षी वाढतंय. त्यामुळे मार्च उजाडला की सोसायटीत दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे कैऱ्यांचं लोणचं आणि दुसरी म्हणजे टँकर. आमच्या सोसायटीत तीन गाड्या यायच्या, तिन्ही एकाच शेठच्या, प्रत्येकी दहा हजार लिटर. गाडी आली की वॉचमन काका वहीत लिहायचे: तारीख, वेळ, नंबर. महिनाअखेरीला ती वही आणि शेठचं बिल घेऊन बाबा डायनिंग टेबलावर बसायचे. बाबा म्हणजे सोसायटीचे खजिनदार. वहीत पाण्याचे डाग, अर्धे आकडे पुसलेले. शेठ म्हणणार ८८, वही म्हणणार ८५ किंवा ८६, आणि मग तासभर फोन.

इंजिनियर मुलगा घरात असताना बाप वही घेऊन बसतो, हे काही बरं दिसेना. २०२४ च्या मार्चमध्ये दोन वीकांत घालवून मी एक छोटं ॲप्लिकेशन लिहिलं. वॉचमन काकांच्या फोनवर तीन मोठी बटणं, तीन गाड्यांची. गाडी आली की बटण दाबायचं. बाबांसाठी महिन्याचा हिशोब. बस्स. डेटा एसक्यूलाइटच्या एका फाइलमध्ये. सगळं मिळून चारशे ओळींच्या आत.

आता ऑफिसात दिवसभर जावा लिहिणाऱ्याने घरी लिस्प का लिहावं? कारण मजा येते, दुसरं काही नाही. चालू प्रोग्रॅमशी बोलत बोलत प्रोग्रॅम लिहायचा, एक फंक्शन बदललं की तेवढंच पुन्हा भरायचं, बाकी सगळं जागच्या जागी चालू. लिस्पच्या घराण्यातलं काही आपल्याकडे कोणी वापरत नाही असंही नाही. पुण्यात हेल्पशिफ्टने आपलं काम क्लोजरवर उभं केलं, आणि क्लोजर हे २००७ साली आलेलं लिस्पच. पण क्लोजर जावाच्या मशीनवर चालतं, त्यामुळे एक जार फाइल केली की ती कुठेही नेऊन ठेवता येते. कॉमन लिस्पचं तसं नाही. पीएचपीची फाइल सर्व्हरवर नुसती टाकली तरी चालते, पायथनसाठी शंभर लेख सापडतात. लिस्पसाठी चार लेख सापडतात, आणि त्यातले दोन एकमेकांशी भांडत असतात.

तर पद्धत अशी. मी वापरतो एसबीसीएल. लांब नाव स्टील बँक कॉमन लिस्प, कारण ते कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लिस्पमधून १९९९ साली फुटून निघालं, आणि कार्नेगीचा पैसा स्टीलचा, मेलनचा बँकेचा. लायब्ररी आणायला क्विकलिस्प, वेब सर्व्हर म्हणून हंचेंटूट. सगळं मेमरीत भरून झालं की एक फंक्शन चालवायचं: सेव्ह-लिस्प-अँड-डाय. नाव खरंच असं आहे. ते काय करतं, तर लिस्पच्या पोटात त्या क्षणी जे काही आहे, म्हणजे तुमचा कोड, लायब्ररी, कंपायलरसकट, त्या सगळ्याचा एक फोटो काढून डिस्कवर ठेवतं आणि स्वतः मरतं. त्या फोटोलाच एक्झिक्युटेबल करता येतं. माझा फोटो चाळीसेक एमबीचा झाला. तीन बटणांसाठी चाळीस एमबी! असो.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या रात्री काय काय झालं ते क्रमाने सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बरंच.

एक, फोटोच काढता येईना. हंचेंटूट चालू असेल तर त्याचे थ्रेड चालू असतात, आणि एकापेक्षा जास्त थ्रेड असताना एसबीसीएल फोटो काढायला सरळ नकार देतं. (हलू नका म्हणणारा जुना स्टुडिओवाला आठवा.) म्हणजे सर्व्हर आधी चालू करून फोटो काढायचा नाही, फोटो काढायचा आणि मग उघडल्यावर सर्व्हर चालू करायचा.

दोन, फोटो निघाला, लॅपटॉपवर चालला, सर्व्हरवर चालेना. म्हणे जीलिबसी २.३४ सापडत नाही. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४, सर्व्हरवर डेबियन ११, आणि त्यातलं जीलिबसी २.३१. नव्या मशीनवर बांधलेलं जुन्या मशीनवर चालत नाही, उलट मात्र बहुतेक वेळा चालतं. इलाज एकच, जिथे चालवायचं त्याच जातीच्या मशीनवर बांधायचं. शेवटी सर्व्हरवरच एसबीसीएल टाकलं आणि तिथेच बांधलं.

तीन, चालू झालं आणि लगेच बंद पडलं. सिस्टमडी पुन्हा चालू करतंय, ते पुन्हा पडतंय. एरर मात्र काही नाही. अर्ध्या तासाने कळलं की हंचेंटूटचं स्टार्ट फंक्शन सर्व्हर दुसऱ्या थ्रेडवर टाकून ताबडतोब परत येतं. पुढे मुख्य फंक्शनमध्ये काहीच नाही, मग काम संपलं असं समजून प्रोग्रॅम गुमान घरी जातो. त्याला तिथे बसवून ठेवायला लागतं. मी एक न संपणारी झोप लिहिली.

चार, एसक्यूलाइटची मूळ सी लायब्ररी फोटोत येत नाही, ती सर्व्हरवर वेगळी टाकावी लागते.

बाकीचं सगळ्यांसारखंच. पुढे इंजिनएक्स, तो बाहेरची रहदारी घेऊन आतल्या पोर्टवर देतो. लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं फुकट प्रमाणपत्र, आणि ते वेळेवर नवं करायला सर्टबॉट. महिन्याला दोन वडापाव कमी खाल्ले की परवडेल असा छोटा व्हीपीएस. पहाटे दोनला फोनवर तीन बटणं दिसली आणि मी एकटाच हसलो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेठ गेटवर भेटले. म्हणाले, "इंजिनियर साहेब, काल माझी एकच गाडी दोनदा आली. तुमच्या मोबाइलमध्ये एकदाच दिसते. असं नाय चालायचं." बरोबर होतं त्यांचं. वॉचमन काकांच्या फोनला नेट मंद, बटण दाबलं की काही होत नाही म्हणून ते परत दाबायचे, नोंद दोनदा व्हायची. म्हणून मी नियम घातला होता: तीच गाडी त्याच तारखेला परत आली तर दुसरी नोंद धरायची नाही. गाडी एका दिवसात दोन खेपा करू शकते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गेटवर उभं राहून पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

त्या रात्री साडेअकराला मी लिस्पची जादू केली. चालू प्रोग्रॅममध्ये मी स्वँक नावाचं एक दार ठेवलेलं होतं, पोर्ट ४००५, बाहेरून बंद, फक्त एसएसएचच्या बोगद्यातून उघडणारं. घरून त्या दारातून आत शिरलो आणि थेट चालू सर्व्हरमध्ये फंक्शन नवीन लिहिलं: तीच गाडी वीस मिनिटांच्या आत आली तरच दुबार समजा, एरवी नाही. एंटर. सर्व्हर थांबला नाही, एकही नोंद चुकली नाही. दोनदा तपासलं, बरोबर चाललं. लॅपटॉप मिटून झोपलो.

त्या रात्री काय वाटलं ते खरं सांगतो. १९९९ साली नासाच्या डीप स्पेस वन यानावर लिस्पमध्ये लिहिलेला एक प्रयोग चालला होता, त्यात अडचण आली तेव्हा पृथ्वीवरून चालू लिस्पमध्ये डोकावून ती शोधली होती. १९९५ साली पॉल ग्रॅहॅम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी व्हायावेब काढलं, तेही लिस्पमध्ये, आणि १९९८ मध्ये ते याहूने विकत घेतलं. फोनवर गिऱ्हाईक बोलत असतानाच बिघाड दुरुस्त करून टाकायचे किस्से ग्रॅहॅमने लिहून ठेवलेत. मी काय, पनवेलच्या गच्चीखालच्या खोलीतून टँकर दुरुस्त केला होता, पण जातकुळी तीच, असं अस्मादिकांना वाटलं :-)

एप्रिलचं बिल आलं. शेठचा आकडा आणि ॲप्लिकेशनचा आकडा तंतोतंत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाळ्या. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आता वही कशाला? दुबार काम. वॉचमन काका म्हणाले, "राहू दे की, लिहितो मी." मी म्हटलं, नको काका. वही बंद झाली.

२ मेच्या पहाटे व्हीपीएसवाल्यांनी देखभालीसाठी मशीन बंद करून चालू केलं. आठवडाभर आधी मेल आलेली होती, मी वाचलीही होती. काळजी नव्हती, सिस्टमडी आहे ना. आणि खरंच, मशीन उठल्यावर माझा प्रोग्रॅम दोन सेकंदात चालू झाला. सकाळी फोनवर बघितलं, तीन बटणं हजर. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

चालू झाला तो कुठला प्रोग्रॅम? डिस्कवरचा. मार्चमध्ये काढलेला फोटो. एप्रिलमधली माझी जादू फक्त मेमरीत होती. मी ती फाइलमध्ये लिहिली नव्हती, गिटमध्ये टाकली नव्हती, नवा फोटो काढला नव्हता. साडेअकरा वाजले होते, सकाळी ७.१२ ची हार्बर पकडायची होती, उद्या करू म्हटलं होतं. तो उद्या काही आला नाही. मशीनने डुलकी काढली आणि जुना नियम परत आला: एका दिवशी एका गाडीची एकच खेप. कुठेही एरर नाही, कुठेही लाल दिवा नाही. प्रोग्रॅम उत्तम चालू होता आणि सबंध मे महिना खोटं मोजत होता.

२ जून, रविवार, सोसायटीची मीटिंग. ॲप्लिकेशन म्हणतं ७१. शेठचं बिल ९४ चं. फरक २३ टँकरचा, एका टँकरचे १,८०० रुपये, म्हणजे ४१,४०० रुपये. शेठना बोलावून घेतलं होतं. सेक्रेटरी काका म्हणाले, "मागच्या महिन्यात कॉम्प्युटरशी जुळलं, या महिन्यात कसं नाही जुळत?" कोणीतरी मागून म्हणालं की मशीन काही खोटं बोलत नाही. आणखी कोणीतरी त्याहून वाईट बोललं, ते इथे लिहीत नाही. शेठने खिशातून ड्रायव्हरची डायरी काढली, ती कोणी हातात घेतली नाही. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाले, "७१ चे पैसे देतो, बाकीचं बघू." शेठ उठले. माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी तुम्ही प्यायलेत ना साहेब?" आणि गेले.

मी गप्प होतो. मला तेव्हा खरंच वाटत होतं की शेठने घोळ केलाय. हे लिहिताना आजही लाज वाटते.

रात्री जेवताना आई म्हणाली, "अरे पण मे महिन्यात टाकी रोज भरलेली होती की. दिवसाला दोन टँकरमध्ये भरते का कधी?" घास हातातच राहिला. लॅपटॉप उघडला. मे महिन्यात एकाही दिवशी तीनपेक्षा जास्त नोंदी नव्हत्या. एकाही गाडीची एका दिवसात दुसरी खेप नव्हती. एप्रिलमध्ये होत्या. फाइलमधला कोड उघडून बघितला आणि पाय गार पडले.

नाकारलेल्या नोंदी मी कुठेच साठवल्या नव्हत्या. वही माझ्याच शहाणपणामुळे बंद. उरला इंजिनएक्स. दारात बसून आलेली प्रत्येक विनंती तो लिहीत असतो, आणि नशिबाने गाडीचा क्रमांक मी पत्त्यातच ठेवला होता. पण डेबियनवर त्याचे लॉग रोज बदलतात आणि चौदाच ठेवले जातात. म्हणजे मागे जाता आलं ते १९ मेपर्यंत. सर्व्हरची घड्याळं यूटीसीवर, म्हणून प्रत्येक वेळेत साडेपाच तास मिळवायचे. (कॉमन लिस्पमध्ये भारताची वेळ उणे ११/२ अशी लिहायची असते, कारण त्यांच्या लेखी ग्रिनिचच्या पश्चिमेचे तास अधिक आणि पूर्वेचे उणे. अपूर्णांक तसाच चालतो. एरवी मी यावर खूश होऊन एक अख्खा लेख लिहिला असता.) मंद नेटमुळे झालेली दुबार दाबणी वीस मिनिटांच्या नियमाने काढून टाकली. १९ ते ३१ मे या तेरा दिवसांत ॲप्लिकेशनने धरल्या होत्या ३० खेपा. लॉगमध्ये होत्या ४१.

बाबा जागेच होते. त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत, ते बरं झालं की वाईट ठाऊक नाही. एवढंच म्हणाले, "मग चल सकाळी."

सोमवारी ऑफिसला दांडी. बाबा आणि मी शेठच्या घरी गेलो. शेठने दारातच उभं केलं नाही, आत बसवलं, चहा आला. बाबांनी मला बोलू दिलं. मी लिस्पबिस्प काही बोललो नाही, म्हटलं, "काका, चूक माझ्या प्रोग्रॅमची होती. तुमची डायरी बघू द्याल?" डायरी आली. १९ ते ३१ मे, ड्रायव्हरच्या वाकड्या अक्षरात, मोजल्या: ४१. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

उरलेल्या १२ खेपांचा पुरावा माझ्याकडे नव्हता. २१,६०० रुपये. कमिटीत एकाने विचारलंच, जे सिद्ध झालं तेवढंच का देऊ नये? बाबा म्हणाले, "ज्या तेरा दिवसांचा पुरावा आहे त्यात तो माणूस खरा निघाला आणि आपण खोटे. बाकीच्या दिवसांचा पुरावा आपल्या चुकीमुळे नाही, त्याच्या नाही." सगळे पैसे गेले. पुढच्या मीटिंगला शेठना बोलावून सर्वांसमोर माफीही मागितली. ज्यांनी मागून ते वाईट वाक्य टाकलं होतं ते नेमके त्या दिवशी गावाला गेले होते. असो.

आता तांत्रिक निष्कर्ष, कारण मूळ प्रश्न तो होता.

सगळं पीएचपीत पुन्हा लिहावं असं महिनाभर मनात होतं. मोठमोठ्यांनीही लिस्प सोडलंच आहे. व्हायावेब याहूने पुढे सी प्लस प्लस आणि पर्लमध्ये पुन्हा लिहिलं. रेडिट २००५ साली कॉमन लिस्पमध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पायथनवर गेलं. पण विचार केल्यावर लक्षात आलं की माझी चूक भाषेची नव्हतीच. पीएचपीची फाइल थेट सर्व्हरवर उघडून दुरुस्त करणारे आणि ती गिटमध्ये टाकायला विसरणारे मी ऑफिसात पाहिलेत. फरक एवढाच की त्यांची दुरुस्ती निदान डिस्कवर तरी राहते. लिस्प तुम्हाला चालू मशीनच्या पोटात हात घालू देतं, आणि पोटात घातलेलं मशीन झोपलं की जातं. जेवढी सोय मोठी तेवढी शिस्त मोठी लागते, आणि कमी लोक वापरतात त्या भाषेत ती शिस्त शिकवणाराही जवळपास नसतो.

तर आता नियम असे. स्वँकचं दार आहे, पण ते फक्त बघायला. बदल फाइलमध्ये, तिथून गिटमध्ये, तिथून सर्व्हरवर एका स्क्रिप्टने स्वच्छ बांधणी, मग नवा फोटो. जुना फोटो तारखेसकट शेजारी ठेवायचा, म्हणजे गरज पडली तर मागे जाता येतं. दर रविवारी पहाटे सर्व्हर मुद्दाम बंद करून चालू होतो, मेमरीत काही लपून राहिलं असेल तर आठवड्यात उघडं पडावं म्हणून. पानाच्या तळाशी बांधणीची तारीख दिसते. आणि नाकारलेली नोंदसुद्धा साठवली जाते, का नाकारली त्यासकट. मोजायची नाही असं ठरवलेली गोष्टही लिहून ठेवायची, हे मला आधी कळायला हवं होतं.

शिवाय एक कागद केला. मराठीत, दोन पानं, सर्व्हर कसा चालू करायचा, नवा फोटो कसा काढायचा. मी उद्या बंगळुरात गेलो तर काय, म्हणून. तिसऱ्या मजल्यावरचा बीएस्सी आयटी करणारा मुलगा आहे, त्याने लिस्प कधी पाहिलंही नव्हतं. गेल्या महिन्यात मी शेजारी हाताची घडी घालून बसलो आणि त्याने कागद वाचत वाचत एकट्याने सगळं चढवलं. तिसऱ्या पायरीवर अडला, तिथे कागद चुकीचा होता. त्यानेच पेनने दुरुस्त केला.

तर ऑफिसातल्या मित्रा, तुझं उत्तर: फोटो काढायचा, नेऊन ठेवायचा, चालू करायचा. आणि चालू झाला म्हणजे बरोबर झाला असं समजायचं नाही.

वही परत सुरू झाली आहे. वॉचमन काका बटणही दाबतात आणि लिहितातही. महिनाअखेरीला बाबा दोन्ही घेऊन डायनिंग टेबलावर बसतात. मी काही बोलत नाही.